बांधाचा फोटो आणि गुडघाभर पाणी

प्रश्न : ताई, मी जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. गाव पाथरी तालुक्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर, अगदी टेलला, म्हणजे पाणी शेवटी पोचतं त्या टोकाला. मुलगा 7 वर्षांपासून नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला आहे. 2025 च्या ऑगस्टअखेर मी आणि मंडळी 90 दिवसांच्या व्हिसावर पहिल्यांदाच परदेशात गेलो. मुलगा, सून, नातवाबरोबर खूप हिंडलो, पण मन गावातच होतं. पहाटे उठून आधी फोन बघायचा. आरक्षणावरून गावात दोन पार झालेत, त्यांची भांडणं आणि पुढाऱ्यांची चिखलफेक वाचायची. 35 वर्षं नोकरीत मी राजकारणावर तोंड उघडलं नाही. तिथं मात्र रोज बोलत होतो.

सप्टेंबरअखेर गोदावरीला पूर आला, त्या दिवशी आम्ही किंडरडाइकच्या पवनचक्क्या बघत होतो. तिथल्या बांधाचा फोटो मी गावच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘समुद्राच्या पातळीखाली राहून हे लोक कोरडे आहेत. आपल्याकडं नुसते पुढारी.’ धाकट्या भावाचं उत्तर आलं, ‘दादा, तिकडं बसून शहाणपण शिकवू नका. इथं गुडघाभर पाण्यात उभा आहे.’ आणि तो ग्रुप सोडून गेला. रात्री जेवताना मुलगा म्हणाला, ‘बाबा, आता कळलं का मी परत का येत नाही? तिकडं काही होणार नाही.’ मी रागात बोललो, ‘तू पळून आलास.’ उरलेले दिवस कसेबसे काढले. परत येऊन महिना झाला. भाऊ बोलत नाही, मुलाचा फोन त्याच्या आईला येतो. मी खोटं काय बोललो? आपल्या राजकारणाची चीड येणं, चांगल्याशी तुलना करणं हा गुन्हा आहे का?

ता. क. माझी 5 एकर भाऊच बटईनं करतो. पंचनाम्याच्या वेळी माझ्या शेताचे कागदही त्यानंच केले, हे मला तलाठ्याकडून कळलं.

उत्तर : गुरुजी, सप्रेम नमस्कार.

गुन्हा अजिबात नाही. चीड येते, कारण जीव अडकलेला आहे. ज्याला गावाचं काही पडलेलं नाही, तो पवनचक्कीसमोर उभा राहून हसरा फोटो काढतो आणि पुढं जातो. तुम्हाला तिथं कालव्यातून शेताकडं येणारी आपली चारी आठवली.

पण तो फोटो भावाच्या हातात कसा पोचला असेल, ते बघा. जायकवाडीतून दोन लाखांहून जास्त क्युसेकनं पाणी सुटलेलं. सोयाबीन काढणीला आलेलं, शेंगेतच कोंब फुटायला लागलेले, कापसाची बोंडं काळी पडलेली. चपला हातात घेऊन तो पायानं चाचपत बांध शोधतोय, कारण बांध दिसतच नाही. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत आहे. तो वाजतो. नाव दादाचं. त्याला वाटतं, दादा विचारत असेल, जनावरं सोडली का, घरात पाणी आलं का, लेकरं कुठं आहेत. तो ओला हात सदऱ्याला पुसतो, पिशवीची गाठ सोडतो, आणि समोर येतं हिरवंगार गवत, स्वच्छ आभाळ आणि ती ओळ. तुम्ही ती पुढाऱ्यांना उद्देशून लिहिली होती हे मला कळतं. पण त्या वेळी फोन उघडून बघणाऱ्यांत पुढारी नव्हता, तुमचा भाऊ होता.

तुम्ही विचारता, खोटं काय बोललो. खोटं काहीच नाही. पण पुराच्या दिवशी बुडालेल्या माणसाला आधी ‘कसा आहेस’ विचारायचं असतं, आणि ते राहून गेलं. त्यात तो तुमच्याच शेतात उभा असण्याचाही संभव आहे. ताजा कलम म्हणून तुम्ही जे जाता जाता लिहिलंत, ते खरं तर पत्राच्या पहिल्या ओळीत यायला हवं होतं. तुम्ही परदेशात असताना ज्यानं तुमचा पंचनामा करून घेतला, तोच ग्रुप सोडून गेला. रागानं तोडून टाकणारा माणूस असा वागत नाही. त्याचं मन दुखावलं आहे आणि तो तुमची वाट बघतो आहे, असं मला वाटतं.

आता त्या बांधाबद्दल बोलू, कारण तुमचा प्रश्न नुसता घरगुती नाही आणि मला तो तसा करून टाकायचाही नाही.

फोटोत जे आलं नाही ते मोठं आहे. 1953 च्या 31 जानेवारीच्या रात्री तिथं समुद्र आत शिरला आणि 1,836 माणसं मेली. बांध कमकुवत झालेत हे जाणकार आधीपासून सांगत होते, ते ऐकलं गेलं नाही. हे सगळं आपल्या ओळखीचं आहे ना? त्यानंतर त्यांनी जे काम हाती घेतलं, त्यातला समुद्र अडवणारा शेवटचा मोठा दरवाजा 1997 साली उभा राहिला. 44 वर्षं. मधे किती सरकारं आली आणि गेली, काम चालू राहिलं. तरीही जुलै 2021 मध्ये त्यांच्या दक्षिणेकडच्या फाल्कनबर्ग गावात घराघरांत पाणी घुसलंच.

आणि राजकारण म्हणाल, तर तेही तिथं काही स्वच्छ धुतलेलं नाही. मुलांच्या सांभाळासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीत हजारो कुटुंबांवर लबाडीचा खोटा आळ घातला गेला, संसार देशोधडीला लागले, आणि त्यापायी जानेवारी 2021 मध्ये अख्ख्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. ऑक्टोबर 2019 मध्ये तिथले शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगकडच्या रस्त्यांवर उतरले होते; सरकार तिथूनच चालतं. त्याच हेग शहरात 1672 साली जमावानं आपल्या एका मोठ्या नेत्याला आणि त्याच्या भावाला भर रस्त्यात ठार मारलं होतं. हे मी त्यांना खाली ओढायला सांगत नाही. पाहुणा म्हणून तीन महिने राहिलेल्या माणसाला घराची ओसरीच दिसते, परसदार दिसत नाही. आपल्या घराचं मात्र आपल्याला आधी परसदारच आठवतं. म्हणून तुलना नेहमी आपल्याच अंगावर येते.

मग त्यांच्याकडून घ्यायचं काय? ते घेण्यासारखं नक्की आहे, आणि ते तुमच्या मुलाच्या घराच्या दाराशीच आहे. तिथं पाण्यासाठी वेगळी मंडळं असतात, त्यांना ‘वाटरस्खाप’ म्हणतात. देशभरात अशी 21 मंडळं आहेत. बांध, कालवे, सांडपाणी ही त्यांची कामं. ती वेगळी पट्टी घेतात आणि दर 4 वर्षांनी त्यांची निवडणूक होते. गावाची वेगळी, प्रांताची वेगळी आणि पाण्याची वेगळी. लायडनच्या बाजूचं राइनलंड मंडळ 1255 सालापासूनचं म्हणून ओळखलं जातं. तेव्हा आपल्याकडं देवगिरीला यादव होते. म्हणजे राजे बदलले, धर्मावरून लढाया झाल्या, देशच्या देश इकडचे तिकडे झाले, पण बांधावर शेजारी राहणाऱ्यांनी आपसांत हिशोब ठेवणं सोडलं नाही. मला त्या गवताळ बांधापेक्षा ही गोष्ट मोठी वाटते. आणि गुरुजी, ही गोष्ट आपल्याकडं नाही असं नाही.

महाराष्ट्रात 2005 साली पाण्याबद्दल दोन कायदे झाले. एका कायद्यानं नदीखोऱ्यातल्या वरच्या आणि खालच्या धरणांत तुटीचं पाणी न्याय्य वाटायची तरतूद केली. त्याच्या आधारानं आपण, म्हणजे मराठवाड्यानं, जायकवाडीसाठी नाशिक-नगरच्या धरणांचं पाणी मागितलं, हायकोर्टापर्यंत गेलो, आणि 2016 मध्ये कोर्टानं ते मान्य केलं. दुसरा कायदा शेतकऱ्यांनी सिंचनाचं व्यवस्थापन करण्याचा. चारीवर पाणी वापर संस्था असावी, पाणी मोजून संस्थेच्या ताब्यात द्यावं, पुढची वाटणी शेतकऱ्यांनी करावी. संचालकांत हेड, मधला भाग आणि टेल अशा तिन्हींचे प्रतिनिधी असावेत, असं त्यात लिहिलेलंच आहे. तुमची ‘वाटरस्खाप’ ती हीच. तुमच्या चारीवर ती आहे का? असेल, तर तिची शेवटची बैठक कधी झाली? तिच्या सभेला तुम्ही कधी गेलात का? नोकरीत असताना वेळ नव्हता हे मान्य. आता आहे.

इथं मला माझं एक सांगू द्या. माझं माहेर अंबड तालुक्यातलं, त्याच डाव्या कालव्यावर. तो कालवा 208 किलोमीटर धावतो; आमचं शेत त्याच्या वरच्या अंगाला. लहानपणी मला वाटायचं कॅनॉल आमचाच आहे. कालव्याला पाण्याची पाळी सुटली की वडील रात्री बॅटरी घेऊन निघायचे. मी हट्टानं मागं जायची. चारीच्या दाराला साखळी असायची. ते दोघातिघांच्या मदतीनं दार वर उचलायचे, खाली दगड लावायचे. पाणी घुमत आमच्या उसाकडं वळायचं, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मला तेव्हा अभिमान वाटायचा. तेच वडील पुढं वरच्या धरणांनी पाणी सोडावं म्हणून निघालेल्या मोर्चात सगळ्यांच्या पुढं. ते खोटं वागत होते असं मी म्हणणार नाही, दोन्ही वेळी त्यांना आपण बरोबर आहोत असंच वाटत होतं. पण पाथरी-मानवतच्या टेलवर पाणी का पोचत नव्हतं, त्यात आमच्या त्या दगडाचाही हात होता. हे मला कळायला लग्न होऊन दुसऱ्या गावी जावं लागलं. तुम्हाला आइंडहोवनपर्यंत जावं लागलं. दुरून बघितल्यावर कळतं ते असं काही असेल, तर ते जपून ठेवावं.

आणि दुरून घराचा विचार करणं आपल्या मुलखाला नवं नाही. तुम्ही 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, तिकडंच असणार. 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात, ‘मोगलाईत’ होतो. बार्शी, मनमाड, उमरखेड ही तेव्हा सरहद्दीपलीकडची गावं. रझाकारांच्या काळात हजारो कुटुंबं सरहद्द ओलांडून गेली, आणि मुक्तिसंग्रामातले कितीतरी कार्यकर्ते याच सरहद्दीवर कॅम्प लावून राहिले. गाव दहा-वीस कोसांवर आणि तरी परमुलखात, अशी ती माणसं. घरच्या राज्याचा संताप त्यांनाही होता. पण त्या कॅम्पांतून गावाकडं माणसं जात होती, निरोप जात होते, आणि मागं राहिलेल्यांना कुणी नालायक म्हणत नव्हतं. तुमच्या त्या ओळीत नेमकं हे निसटलं. मुक्तिसंग्राम शिकवताना तुम्ही वर्गात हे कितीदा सांगितलं असेल.

आता मुलाचं. ‘तिकडं काही होणार नाही’ हे वाक्य तुम्ही निकाल म्हणून ऐकलंत. मला त्यात दुसरं ऐकू येतं. त्याचा चुलता पाण्यात उभा होता, बाप टेबलापाशी बसून तळमळत होता, आणि त्याला काहीच करता येत नव्हतं. पैसे पाठवण्यापलीकडं त्याच्या हातात काही नाही. न येण्याला कारण तर लागतंच, आणि ‘तिकडं काही होणार नाही’ हे सगळ्यांत सोपं कारण आहे. त्यावर तुम्ही ‘पळून आलास’ म्हणालात. गुरुजी, हा शब्द त्याला आतून आधीच टोचत असणार, तो तुमच्या तोंडून आला. त्याला शिकवलं कुणी? विमानतळावर सोडायला कोण गेलं होतं? पाथरीच्या टेलवरच्या 5 एकरांत दोन पिढ्या भागणार नाहीत हा हिशोब तुम्हीच मांडला असेल, आणि तो चूक नव्हता.

एक गोष्ट त्याला विचारा, भांडण म्हणून नव्हे. तिथं 5 वर्षं कायदेशीर राहिलेल्या परदेशी माणसालाही नगरपालिकेच्या निवडणुकीत मत देता येतं. म्हणजे आइंडहोवनच्या रस्त्यांबद्दल त्याला मत आहे. आणि गावाच्या यादीत? नागरिकत्व भारतीय असेल, तर परदेशी राहणाऱ्या भारतीयाला नमुना 6अ भरून पासपोर्टवरच्या पत्त्याच्या यादीत नाव घालता येतं. मत द्यायला मात्र पासपोर्ट घेऊन स्वतः यावं लागतं, टपालानं पाठवायची सोय नाही. तो येईलच असं नाही. पण यादीत नाव असणं आणि नसणं यात फरक आहे, आणि ते काम तुम्ही दोघं मिळून करू शकता. बाप-लेकाला एकत्र करायला एखादा फॉर्म पुरतो, हे मी पाहिलंय.

नातवाबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण ऑक्टोबरात तुम्ही तिथं होतात. 29 ऑक्टोबरला त्यांच्या संसदेची निवडणूक होती. एकाच मोठ्या फळीवर सगळ्या पक्षांची पोस्टरं शेजारी शेजारी लावलेली तुम्ही पाहिली असतील. मत द्यायला लांबच लांब कागद आणि लाल पेन्सिल. पोरानं विचारलं असेल किंवा विचारेल, आजोबा, तुमच्याकडं कसं असतं? त्याला काय सांगाल? फ्लेक्सच्या मारामाऱ्या? तेही सांगा, लपवू नका. पण 35 वर्षांच्या नोकरीत तुम्ही इलेक्शन ड्युटी किती वेळा केली असेल! आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घेऊन एसटीनं जाणं, शाळेच्याच खोलीत सतरंजीवर झोपणं, पहाटे एजंटांसमोर सील लावणं, आणि सातच्या आधीच दारात उभी असलेली म्हाताऱ्या बायकांची रांग. बोटाला शाई लावताना त्या कशा हात पुढं करतात, ते तुम्ही अगदी जवळून पाहिलंय. तुम्ही राजकारणावर बोलला नाहीत म्हणता. पण लोकशाही उचलून खेड्यापाड्यांत पोचवायचं काम तुम्हीच तर केलं. हे त्या पोराला दुसरं कुणी सांगू शकणार नाही. व्हिडिओ कॉल लावा आणि त्याला सांगा. मुलगा शेजारच्या खोलीत ऐकत असेल.

पारांबद्दल फार लांबवत नाही. 2 सप्टेंबरला मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी हैदराबाद गॅझेटियरचा शासन निर्णय निघाल्यापासून एका पारावर आनंद आहे आणि दुसऱ्यावर धास्ती. दोन्हींवर बसणारी पोरं तुमच्या हाताखाली बाराखडी शिकलेली आहेत. 35 वर्षं तुम्ही गप्प राहिलात ते नियमानं. जे साठलं होतं ते तीन महिन्यांत जवळच्या माणसांवर सांडलं. आता नियम नाही. आठवड्यातून एकदा एका पारावर, एकदा दुसऱ्या पारावर बसा. मत देऊ नका लगेच, ऐका. तुम्हाला बघून दोन्हीकडचे आवाज थोडे खाली येतील, गुरुजी म्हणून तुमचा तेवढा मान अजून आहे. आणि पहाटे फोन बघणं बंद करा. दिवस उजाडायच्या आत दुसऱ्यांचा राग वाचला की दिवसभर तोच पुरतो.

भावाकडं मात्र फोन करू नका, निरोपही पाठवू नका. स्वतः जा. फोटोबद्दल खुलासा करत बसू नका, पुढाऱ्यांचा विषयही नको. पंचनाम्याचं कळलं एवढंच सांगा, आणि खरडून गेलेली जमीन दाखव म्हणा. शेतात फिरताना बोलणं आपोआप होतं, आमच्याकडं तरी तसंच होतं. बियाण्याचा आणि माती भरायचा खर्च निम्मा तुमचा, हे त्यानं मागायच्या आधी तुम्ही सांगा. पाणी वापर संस्थेचा विषय त्यानंतर काढा, आणि संचालकांत टेलचा प्रतिनिधी म्हणून त्याचं नाव सुचवा, तुमचं नको. अर्ज, ठराव, इतिवृत्त ही लेखणीची कामं तुमची.

यंदा जायकवाडीचा नाथसागर भरलेला आहे. रब्बीची पाळी सुटली की तुमच्या टेलला पाणी पोचायला काही दिवस लागतील, आणि वर कुणीतरी रात्री बॅटरी घेऊन निघेलच. त्या रात्री भाऊ चारीवर जागा असेल. थर्मासमध्ये चहा घेऊन जा. आइंडहोवनहून आणलेलं जॅकेट त्याच्यासाठी न्या. पहाटे चारीवर गार वारा सुटतो.

तुमची,
ताई